घरचं ग्रीक योगर्ट: वाटीमागे खरा खर्च किती?

साधं, बिनसाखरेचं ग्रीक योगर्ट बाजारात 100 ग्रॅमला साधारण 35 ते 60 रुपयांना पडतं. घरी तेवढंच 15 ते 21 रुपयांत होतं. 15 आणि 21 या दोन आकड्यांत पुष्कळ काही दडलेलं आहे, म्हणून आधी ते समजून घ्या. दही चार तास गाळलं तर 15 रुपये, रात्रभर गाळलं तर 21. रेसिपी सांगणारे बहुतेक जण चार तासांचा खर्च सांगतात आणि तुलना मात्र रात्रभर गाळल्यासारख्या घट्ट विकतच्या डब्याशी करतात. त्यामुळे ‘चौपट स्वस्त’ वगैरे दावे ऐकले तर निम्मे करून घ्या. घरी केल्याने खर्च साधारण निम्म्यावर येतो. तोही कमी नाही, पण दूध, भांडी आणि तुमचा वेळ नीट वापरला तरच.

इथले भाव महाराष्ट्रातल्या शहरांतले आणि ढोबळ आहेत. दुधाचा दर वर्षातून एकदा-दोनदा हलतोच. तुमच्याकडचा दर घाला, पद्धत तीच राहते.

दूध कोणतं घ्यायचं

पिशवीवर दोन आकडे छापलेले असतात, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग. टोन्ड दुधात फॅट किमान 3 टक्के आणि एसएनएफ 8.5. डबल टोन्डमध्ये 1.5 आणि 9. फुल क्रीममध्ये 6 आणि 9. या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे दुधातला घन भाग. बाकीचं पाणी, आणि ते तुम्ही गाळून बाजूला काढणार आहात. म्हणजे बेरीज जितकी मोठी, तितका माल जास्त.

टोन्ड दूध लिटरला 58 रुपये धरू. विरजणाला 3 रुपये, गॅसला 2 रुपये. एकूण 63. यातून चार तासांत साधारण 425 ग्रॅम ग्रीक योगर्ट निघतं, म्हणजे 100 ग्रॅमला पंधरा रुपयांच्या आतबाहेर. फुल क्रीम 72 रुपये धरलं तर खर्च 77 होतो, पण माल 500 ते 550 ग्रॅम निघतो. भाव जवळजवळ तोच! त्यामुळे ‘महाग दूध परवडत नाही’ असं म्हणून डबल टोन्ड आणण्यात बचत नाही. फरक आहे तो खाण्यात. फुल क्रीमचं योगर्ट मऊ, सायीसारखं लागतं, पण वजनातला मोठा वाटा फॅटचा असल्याने 100 ग्रॅममागे प्रथिनं कमी, साडेपाचच्या आसपास. टोन्डमध्ये ती सहा-साडेसहापर्यंत जातात. जिमसाठी खात असाल तर टोन्ड, मुलांच्या डब्यासाठी किंवा डिपसाठी करत असाल तर फुल क्रीम.

टेट्रापॅकचं दूध चालतं, तापवायचीही गरज नसते, फक्त कोमट करायचं. पण लिटरला दहा-पंधरा रुपये जास्त जातात आणि दही जरा सैल लागतं. घाईच्या वेळी ठीक, नेहमीसाठी नको. गवळ्याचं किंवा गोठ्यावरचं सुट्टं दूध असेल तर ते नीट उकळल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यात फॅट किती, पाणी किती, याचा भरवसा नसतो आणि हिशेब तिथेच चुकतो.

दुधाची पावडर घालावी का? लिटरला 40 ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घातली तर 18-20 रुपये वाढतात, माल सव्वाशे ग्रॅमने वाढतो. 100 ग्रॅमचा भाव तिथेच राहतो. पावडरने योगर्ट स्वस्त होत नाही, कमी वेळ गाळून घट्ट होतं एवढंच. फ्रिजमध्ये रात्रभर चाळणी ठेवायला जागा नसेल त्यांना हा उपाय सोयीचा. पावडर विकत घेताना ‘डेअरी व्हाइटनर’ उचलू नका. त्यात साखर असते.

विरजणासाठी पैसे देऊ नका

ऑनलाइन ‘ग्रीक योगर्ट कल्चर’च्या पुड्या दीड-दोनशेपासून पाचशे रुपयांपर्यंत मिळतात. पहिल्या खेपेला त्यांची गरज नाही आणि पुढेही फारशी नाही. ग्रीक योगर्ट म्हणजे गाळलेलं दही. दही चांगलं असेल तर ग्रीक योगर्ट चांगलं.

घरचं विरजण गोडसर आणि कवडीदार लागत असेल तर तेच वापरा. दह्याला तार येत असेल, चमच्याला बुळबुळीत लागत असेल तर ते विरजण टाका. असं दही फडक्यातून गळतच नाही, तास निघून जातात आणि फडक्यावर नुसता चिकट थर बसतो. अशा वेळी साधं, पाकिटावर ‘दूध आणि कल्चर’ एवढेच घटक लिहिलेलं छोटं दही आणा. 200 ग्रॅमचं पाकीट वीस-पंचवीस रुपयांना येतं आणि त्यात पाच-सहा लिटर दूध विरजून होतं. फळांचं, साखरेचं किंवा आंबवल्यानंतर पुन्हा तापवून टिकाऊ केलेलं दही विरजणाला चालत नाही.

लिटरला दोन चमचे विरजण पुरे. ‘जास्त घातलं की लवकर लागेल’ हे खरं, पण ते आंबट आणि भरड लागतं. गाळल्यावर आंबटपणा जास्तच जाणवतो.

किती वाजता काय करायचं

सगळ्यात जास्त नासाडी वेळ चुकल्यामुळे होते. म्हणून नोकरी करणाऱ्याला जमेल असं वेळापत्रक देतो. रात्री साडेआठला दूध तापवायला ठेवा. उकळी फुटली की आच बारीक करा आणि दहा मिनिटं ढवळत ठेवा. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, मग पुन्हा का तापवायचं? कारण पैशाचं आहे. तापवल्याने दुधातली जी प्रथिनं एरवी पाण्यासोबत वाहून गेली असती, ती दह्यातच धरली जातात. दही घट्ट लागतं, माल जास्त निघतो. दोन रुपयांच्या गॅसमध्ये याहून मोठा फायदा दुसऱ्या कुठल्या पायरीत नाही.

रात्री दहाच्या सुमाराला दूध कोमट होतं. थर्मामीटर असेल तर 42 ते 45 अंश. नसेल तर स्वच्छ करंगळी बुडवून दहा अंक मोजा. ऊब जाणवली पाहिजे, पण बोट काढून घ्यावंसं वाटता कामा नये. विरजण वाटीभर दुधात फेटून मग पातेल्यात घाला, दोनदा ढवळा, झाका आणि नंतर हलवू नका.

उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत पुण्या-नाशिककडे आठ ते दहा तास. थंडीत पातेलं जुन्या रजईत गुंडाळा, किंवा बंद मायक्रोवेव्हमध्ये शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून द्या. फुकटात काम होतं. राइस कुकर ‘वॉर्म’वर ठेवून दही लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याचं तापमान दह्याच्या जिवाणूंना सोसत नाही, दही लागतच नाही आणि लिटरभर दूध वाया जातं. एप्रिल-मेमध्ये रात्री दहाला विरजलेलं दही सकाळी सातपर्यंत बाहेर ठेवलं तर आंबट होणारच. त्या दिवसांत विरजण निम्मं करा, किंवा पहाटे उठणारं कोणी घरात असेल तर त्यांच्यावर काम सोपवा.

सकाळी पातेलं थेट फ्रिजमध्ये. लगेच गाळायला घेऊ नका. कोमट दही फडक्यावर ओतलं की मोडतं आणि त्यातलं बरंच पांढरं पाण्याबरोबर खाली जातं. किमान तीन-चार तास गार होऊ द्या. नोकरीवर जाणाऱ्यांचा दिवस आपोआप तिथे जातो. संध्याकाळी घरी आलात की गाळायला लावा. चार तासांचं हवं असेल तर रात्री झोपण्याआधी काढा, घट्ट हवं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे सोमवारी रात्री सुरुवात केली तर बुधवारच्या नाश्त्याला योगर्ट. प्रत्यक्ष हात लागतो तो सगळा मिळून अर्धा तास.

गाळताना नजर पाण्यावर ठेवा

मोठी चाळणी, तिच्याखाली खोल पातेलं, वर दुहेरी केलेलं मलमलचं कापड किंवा धुतलेला जुना पंचा. कापड आधी पाण्यात भिजवून पिळून घ्या, नाहीतर पहिलं पाणी तेच पितं आणि दही चिकटतं. दही डावाने मोठे मोठे काप करून अलगद ठेवा, ओतू नका. वर ताटली, आणि सगळं फ्रिजमध्ये. नळाला पुरचुंडी टांगायची सवय असेल तर थंडीत चालेल. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर टांगलेलं दही आंबतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर त्याला वास धरतो.

पहिली काही मिनिटं पाणी पांढुरकं येतं. तेवढं परत फडक्यात ओता. त्यानंतर पिवळसर-हिरवट, निवळशंख पाणी थेंब थेंब यायला लागलं की समजा, दही नीट लागलंय. अर्ध्या तासानंतरही पाणी दुधाळच असेल तर दही कच्चं आहे किंवा कापड विरळ आहे. फडकं बदला, चौपदरी करा. दाबून पाणी काढायचा मोह टाळा, त्यात पाण्याऐवजी दहीच खाली जातं.

वजनकाटा नसला तरी अडत नाही. दह्याऐवजी खाली जमलेलं पाणी मापाच्या ग्लासात मोजा. लिटरभर दुधाच्या दह्यातून 550 ते 600 मिली पाणी निघालं की ते ग्रीक योगर्ट. 700 मिलीच्या पुढे गेलात की तो चक्का. जास्त घट्ट झालं तर घाबरू नका, दोन-तीन चमचे पाणी परत घालून फेटा. फेटल्याशिवाय डब्यात भरू नका. कडेचं कोरडं आणि मधलं ओलं दही एकजीव झालं की विकतच्यासारखा पोत येतो. मिक्सर मात्र नको, दही पातळ होतं.

तुलना प्रथिनांची करा, वजनाची नको

इथे ग्राहक हमखास फसतो. डब्याच्या मागे 100 ग्रॅममागे प्रथिनं किती ते छापलेलं असतं. बाजारातल्या ‘ग्रीक’ डब्यांत हा आकडा पाचपासून दहापर्यंत कुठेही असू शकतो. पाच असेल तर तुम्ही जरा घट्ट दह्याचे ग्रीकचे पैसे देताय. घरच्या चार तासांच्या योगर्टमध्ये सहा-साडेसहा ग्रॅम असतात आणि रात्रभर गाळून 300 ग्रॅमवर आणलेल्यात नऊच्या आसपास. त्या 300 ग्रॅमचा खर्च तोच 63 रुपये, म्हणजे 100 ग्रॅमला 21.

नऊ ग्रॅम प्रथिनांचा विकतचा डबा 45 रुपयांचा असेल तर प्रथिनाचा एक ग्रॅम पाच रुपयांना पडला. घरी तोच सव्वादोन ते अडीच रुपयांना. रोज 100 ग्रॅम घट्ट योगर्ट खाणाऱ्या एका माणसाला महिन्याला तीन किलो लागतं. विकत घेतलं तर 1,050 ते 1,800 रुपये. घरी दहा लिटर दूध आणि 630 रुपये. आता ठरवा, चारशे ते अकराशे-बाराशे रुपयांसाठी महिन्यातून पाच वेळा दोन-दोन लिटरचा हा उद्योग करायचा का. दोघं-तिघं खाणारे असतील तर करावा. एकटे असाल आणि आठवड्यातून दोनदाच खात असाल तर पुढे दिलेल्या आडवाटा बघा.

कॅल्शियमसाठी ग्रीक योगर्ट खात असाल तर थोडं थांबा. आंबवल्यावर कॅल्शियमचा मोठा भाग पाण्यात उतरतो आणि पाण्यासोबत निघून जातो. त्यासाठी साधं, न गाळलेलं दही जास्त कामाचं, आणि ते निम्म्याहून कमी खर्चात पडतं.

तीन आडवाटा

पहिली: विकतचं दही आणून घरी गाळा. साधं पिशवीतलं दही किलोला 75-80 रुपयांच्या घरात मिळतं. त्यातून साधारण 425 ग्रॅम निघतं, 100 ग्रॅमला 18-19 रुपये. लिटरमागे पंधरा-वीस रुपये जास्त गेले, पण दूध तापवणं, विरजणं, दही बिघडण्याची धास्ती, सगळं वाचलं. पहिल्यांदाच करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. फक्त घटकांच्या यादीत स्टार्च, जिलेटिन, पेक्टिन असलं काही नको. घट्ट करणारे पदार्थ पाणी धरून ठेवतात, तुम्ही कितीही गाळा.

दुसरी वाट मराठी घरांना तोंडपाठ, तरी योगर्टच्या नादात विसरली जाते: डेअरीतला चक्का. किलोला साधारण 300 ते 400 रुपये. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे चक्क्यात घन भाग किमान 30 टक्के हवा आणि त्या घन भागात प्रथिनं किमान 30 टक्के. म्हणजे 100 ग्रॅममागे नऊ ग्रॅम तरी. पाव किलो चक्का 350 च्या भावाने 88 रुपयांना पडतो. त्यात 60-70 मिली गार दूध घालून फेटलंत की 310-320 ग्रॅम ग्रीक योगर्ट पाच मिनिटांत तयार, दूध धरून 100 ग्रॅमला 29 रुपयांच्या आसपास. छोट्या ब्रँडेड कपापेक्षा स्वस्त आणि चवीला बहुतेकदा सरस. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चक्क्यात फॅटही दहा ग्रॅमच्या आसपास असतं, ‘लो फॅट’ म्हणून खाणाऱ्यांसाठी तो नाही. आणि गुढीपाडवा, दसरा, रामनवमीच्या आसपास भाव चढतात, मालही घाईत गाळलेला असतो. चक्का चमच्याने उचलल्यावर खाली पाणी सुटत असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय.

सुट्ट्या चक्क्याबद्दल शंका असेल तर घरी तपासता येतं. अर्धा चमचा चक्का थोड्या पाण्यात कालवून उकळा, पूर्ण गार करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे. आयोडीनची बाटली औषधाच्या दुकानात थोडक्यात मिळते. तपासलेला नमुना अर्थातच फेकून द्या.

तिसरी वाट हल्ली दुकानांत दिसू लागलेल्या ‘हाय प्रोटीन’ दह्याची. त्यात दुधाची प्रथिनं वरून घातलेली असतात. पोत ग्रीकसारखा मलईदार नसतो, पण उद्देश फक्त प्रथिनांचा असेल तर ग्रॅममागे भाव काढा. कधी कधी घरच्या खटाटोपापेक्षाही ते स्वस्त निघतं. मग दही गाळत बसण्यात हशील नाही.

न दिसणारे खर्च

सगळ्यात मोठा खड्डा उपकरणांचा. योगर्ट मेकर हजार ते अडीच हजारांना येतो. तो करतो काय, तर दूध उबदार ठेवतो. महाराष्ट्रात वर्षातले आठ महिने हे काम हवाच करते. वीज फार लागत नाही, एका खेपेला रुपया-दोन रुपये, पण यंत्राचे पैसे वसूल होईपर्यंत ते माळ्यावर जातं. जाळीचा ‘ग्रीक योगर्ट स्ट्रेनर’ डबा पाचशेपासून बाराशेपर्यंत. 100 ग्रॅममागे वीस रुपये वाचतात असं धरलं तरी 900 रुपयांचा डबा साडेचार किलो योगर्टनंतर फिटतो. दोन महिने नियमाने घरी केलंत, कंटाळला नाहीत, तर खुशाल घ्या. झाकण असल्याने फ्रिजमध्ये कांदा-लसणाचा वास लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. सुरुवातीला मीटरभर मलमल पुरे, शंभर-दीडशे रुपये. डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशेला मिळतो. हा एक खर्च मी योग्य म्हणेन, कारण थंडीत लिटर-दोन लिटर दूध वाया गेलं की तो फिटलाच.

फडकं साबणाने धुऊ नका. वास पुढच्या दह्याला लागतो. गार पाण्यात खळबळून, मग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून उन्हात वाळवा. स्वयंपाकाचा टिशू पेपर लावून गाळायची युक्ती फिरते. एका खेपेला चार-सहा कागद जातात आणि ओला कागद दह्यात फाटतो. पैसे आणि योगर्ट दोन्ही गेले.

दहा मिनिटांत घरपोच आणणाऱ्या ॲपवरून एकच कप मागवलात तर कपाच्या किमतीखाली हाताळणी शुल्क, डिलिव्हरी आणि कमी रकमेच्या ऑर्डरचं शुल्क जोडलं जातं. पन्नासचा कप सहज ऐंशी-शंभरला जातो. मागवायचंच असेल तर 400 ग्रॅमचा साधा डबा महिन्याच्या किराण्यासोबत मागवा आणि फळ घरचं घाला. स्ट्रॉबेरी, आंबा, ब्लूबेरीच्या कपांत 100 ग्रॅममागे साखर किती, ते ‘ॲडेड शुगर’ या ओळीत वाचा. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर, तीही योगर्टच्या भावाने.

पाणी ओतून देऊ नका, पण भाबडेपणाही नको

महिन्याला दहा लिटर दुधाचं योगर्ट केलंत तर सहा-सात लिटर आंबूस पाणी उरेल. कणीक, थालीपीठ आणि भाकरीचं पीठ भिजवायला, कढी आणि आमटीत घालायला, इडलीचं पीठ सैल करायला ते चांगलं. मीठ-जिरं घालून गार प्यायलाही चालतं. पनीर करताना लिंबाऐवजी हेच पाणी उकळत्या दुधात घाला, पनीर मऊ होतं आणि लिंबाचे पैसे वाचतात. फ्रिजमध्ये झाकून पाच-सहा दिवस टिकतं.

‘व्हे प्रोटीन फुकट’ असं मात्र समजू नका. यात प्रथिनं फार थोडी असतात. दूध आधी नीट तापवलं असेल तर बहुतेक दह्यातच राहतात. हे पाणी उकळून त्यातून आणखी पनीर काढायचा प्रयत्नही फुकट गॅस जाळणं आहे. झाडांना घालायचं तर चांगलं पातळ करून आणि कधीतरीच, कारण ते आम्ल आहे.

टिकतं किती

कोरड्या काचेच्या डब्यात, फ्रिजच्या मागच्या बाजूला, पाच ते सात दिवस. दारात ठेवू नका, तिथे तापमान वरखाली होतं. दर वेळी कोरडा चमचा. वर थोडं पाणी सुटलं तर ते बिघडलेलं नाही, ढवळा आणि खा. गुलाबी, काळा किंवा हिरवा ठिपका दिसला, दारूसारखा वास आला किंवा बुडबुडे दिसले तर वरचा थर काढून खाऊ नका, सगळं टाका. नुसतं आंबट झालं असेल तर कढी, मॅरिनेशन किंवा ढोकळ्यात जाऊ द्या. पुढच्या खेपेचं विरजण गाळण्याआधीच्या ताज्या दह्यातून वाटीत बाजूला काढून ठेवा. गाळून आठवडा झालेलं योगर्ट विरजणाला घेतलं की आंबटपणा पुढच्या दह्यात उतरतो.

शेजाऱ्यांनी मागितलं तर

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला की दोन-चार ऑर्डर येतातच. पैसे घेऊन विकणार असाल तर प्रमाण कितीही लहान असो, अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी लागते. छोट्या घरगुती विक्रेत्यासाठीची साधी नोंदणी ‘फॉसकॉस’ पोर्टलवर होते. फोटो, ओळखीचा पुरावा आणि जिथे पदार्थ बनतो त्या जागेच्या पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. शुल्क वर्षाला 100 रुपये. याच कामाचे हजार-दोन हजार मागणारे एजंट भेटतील. अर्ज स्वतः भरता येतो, सगळी कागदपत्रं स्कॅन केलेली असली की संध्याकाळी बसून काम उरकतं. नोंदणी झाली की 14 अंकी क्रमांक मिळतो, तो डब्यावर लिहावा लागतो. भाव ठरवताना डबा, लेबल आणि न विकला गेलेला माल हे तिन्ही धरा. 100 ग्रॅमला 21 रुपये हा दुधाचा खर्च आहे, विक्रीचा भाव नव्हे.

आणि विकत घेणार असाल तर हाच 14 अंकी क्रमांक, ‘वापरावयाची अंतिम तारीख’ आणि झाकण या तीन गोष्टी दुकानातच बघा. झाकण फुगलेलं असेल तर डबा घेऊ नका. एमआरपीच्या वर ‘कूलिंग चार्ज’ लावला तर देऊ नका. दिलाच असेल तर बिल आणि डब्याचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा, मराठीतही नोंदवता येते.